विश्लेषण : बर्लेस्कच्या रंगमंचावर कलाही चोरीला जाते, बिदागीही… दाद कुठे मागायची?

न्यूयॉर्क, लंडन किंवा लास वेगासमधील छोट्या क्लबांत रंगणाऱ्या ‘बर्लेस्क’ या रंगमंचीय प्रकारात सध्या प्रेक्षकांपेक्षा सहकाऱ्यांविषयीच्या तक्रारी जास्त ऐकू येतात. कुणाची बिदागी बुडते, कुणाची नृत्यरचना दुसरीच्या नावावर खपते, तर कुणी शिकवलेली शिष्याच गुरूचा क्लब पळवते. व्यवहार तोंडी, कलावंत टोपणनावाने वावरणारे आणि कायद्याचे संरक्षण तोकडे. त्यामुळे कृतघ्न कोण आणि अप्रामाणिक कोण, याचा निवाडा बहुतेक वेळा समाजमाध्यमांवरच होतो. हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपासून तो याच रंगमंचावर आहे.

बर्लेस्क म्हणजे काय?

इटालियन भाषेत ‘बुर्ला’ म्हणजे थट्टा. प्रतिष्ठित नाटके, ऑपेरा, बड्या मंडळींचे शिष्टाचार यांची टर उडवणारा प्रकार म्हणून बर्लेस्क युरोपात रुजला. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन आपला ‘ब्रिटिश ब्लाँड्स’ हा संच घेऊन न्यूयॉर्कला आली आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले. पुढे त्यात विनोदी प्रवेश, गाणी आणि एकेक वस्त्र उतरवत केलेले खेळकर नृत्य यांची सरमिसळ झाली. सिनेमात गाजलेली ॲबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी याच रंगमंचावर घडली. तमाशात सोंगाड्या आणि लावणी एकाच बोर्डावर नांदतात, साधारण तसेच. १९३७ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या प्रशासनाने बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले आणि तिथला धंदा बसला. १९९० च्या दशकात तरुण कलावंतांनी, त्यातही बहुतांश स्त्रियांनी, तो नव्याने उभा केला. त्यालाच ‘निओ-बर्लेस्क’ म्हणतात. आता ही कला शिकवणाऱ्या शाळा आहेत, महोत्सव आहेत आणि लास वेगासला ‘बर्लेस्क हॉल ऑफ फेम’ हे संग्रहालयही आहे.

मग भांडण कशावरून?

आधी व्यवहार समजून घ्यावा लागेल. एक निर्माती (बहुधा ती स्वतःही नर्तकी असते) एखाद्या बारशी किंवा क्लबशी बोलणी करून महिन्यातली एक रात्र मिळवते. पाच-सहा कलावंत, एक निवेदक आणि उतरवलेली वस्त्रे गोळा करणारी मदतनीस असा संच जमतो. या मदतनीसाला तिथे ‘किटन’ म्हणतात आणि नव्या मुलींची उमेदवारी अनेकदा इथूनच सुरू होते. बिदागी कधी ठरलेली असते, कधी तिकीटविक्रीतला वाटा असतो. पाच मिनिटांच्या एका सादरीकरणासाठी कलावंत हाताने खडे जडवलेला पोशाख महिनोन्महिने बनवते आणि त्याचा खर्च एका रात्रीच्या बिदागीतून निघत नाही. तोच ॲक्ट अनेकदा, अनेक शहरांत झाला तरच तो परवडतो. म्हणून कुणी तो उचलला तर नुसता अभिमान दुखावत नाही, पुढच्या दोन वर्षांची कमाई जाते.

तिकीटविक्रीतल्या वाट्याचे गणितही निर्मातीच्याच हाती. दारावर किती माणसे आली, क्लबने किती कापून घेतले, हे कलावंताला कळायला मार्ग नसतो. पडद्यामागे कपडे आवरत असताना हातात पाकीट येते आणि ते तिथेच उघडून मोजणे असभ्य मानले जाते. अप्रामाणिक माणसाला याहून सोयीची पद्धत कुठली?

तक्रारींची मात्र एक गल्लत होते. अप्रामाणिकपणा आणि कृतघ्नपणा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच आरोपपत्रात घातल्या जातात. ठरलेले पैसे न देणे, दुसऱ्याची रचना स्वतःची म्हणून विकणे, महोत्सवाच्या अर्जासोबत दुसरीचीच कल्पना चित्रफितीत पाठवणे हा अप्रामाणिकपणा. पण जिला पहिली संधी दिली तिने वर्षभराने स्वतःचा कार्यक्रम सुरू केला, मुलाखतीत गुरूचे नाव घेतले नाही, किंवा जास्त पैसे देणाऱ्या निर्मातीकडे गेली, तर तो फार तर कृतघ्नपणा. त्यामुळे मन दुखावते, हे खरे. तरी तो गुन्हा नव्हे आणि कोणत्याही करारात कृतज्ञतेचे कलम घालता येत नाही. उलट ‘तुला मी उभी केली’ हे वाक्य अनेकदा फुकट राबवून घेण्यासाठीच वापरले जाते. कमी बिदागीची तक्रार करणारी नवी मुलगी लगेच कृतघ्न ठरते. त्यामुळे असा आरोप कानावर आला की तो करणाऱ्याने आधी पैसे किती आणि कधी दिले होते, हे विचारलेले बरे.

पंख्यांचा वाद काय होता?

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले भांडण दोन शहामृगी पंख्यांवरून झाले. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगमंचावर निर्वस्त्र कलावंत पुतळ्यासारखी उभी राहिली तर चालत असे, हलली की पोलीस येत. त्यावर तोडगा म्हणून अर्ल कॅरोल यांच्या ‘व्हॅनिटीज’ या कार्यक्रमात फेथ बेकन ही विशीतली नर्तकी मोठाले पंखे घेऊन नाचली. हालचाल करताना शरीर पंख्यांआड. पोलीस तरीही आले, अटक झाली आणि जाहिरातही.

तीन वर्षांनी, १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात, सॅली रँड हिने पंख्यांचेच नृत्य केले आणि ती देशभर घरोघरी पोहोचली. मंदीच्या काळात तिच्या खेळाला रांगा लागल्या. तिलाही वारंवार अटक झाली आणि प्रत्येक अटकेनंतर गर्दी वाढली. बेकनही त्याच प्रदर्शनात ‘मूळची पंखा-नर्तकी’ अशा जाहिरातीसह नाचत होती, पण लोकांच्या तोंडी नाव रँडचे. अखेर १९३८ मध्ये बेकनने रँडवर ३ लाख ७५ हजार डॉलरच्या भरपाईचा दावा लावला आणि तिला पंखा-नृत्य करण्यास मनाई करावी अशी मागणी केली. रँडने आरोप फेटाळला. पंखे घेऊन नाचणे हे जगाइतकेच जुने, हा तिच्या बचावाचा सूर होता.

रँडची लोकप्रियता या दाव्याने यत्किंचितही घटली नाही. सत्तरी गाठेपर्यंत ती पंखे घेऊन नाचत राहिली. बेकनची वाट मात्र उतरणीची. मोठ्या थिएटरांतून ती फिरत्या जत्रांत आली. तिथे १९४८ मध्ये तिने एका जत्राचालकावर दावा लावला. ती अनवाणी नाचत असे आणि त्याने रंगमंचावर टाचण्या पसरल्या, असा तिचा आरोप होता. १९५६ मध्ये शिकागोत तिने आयुष्य संपवले, तेव्हा ती ४६ वर्षांची होती. तिच्याजवळ कपडे, रेल्वेचे एक तिकीट आणि ८५ सेंट सापडले. अंत्यसंस्काराची जबाबदारी ‘अमेरिकन गिल्ड ऑफ व्हरायटी आर्टिस्ट्स’ या कलावंतांच्या संघटनेने घेतली.

बेकन खरे बोलत होती का? पंखे घेऊन रंगमंचावर ती रँडच्या आधी आली, हे वृत्तपत्रांच्या नोंदींवरून दिसते. पण आधी येणे आणि मालकी असणे यांत फरक आहे. आज जगभरात असंख्य बर्लेस्क कलावंत पंखे घेऊन नाचतात आणि त्यांच्यातली कुणीही चोर नाही. बेकन जिंकली असती, तर या कलेचा एक अख्खा उपप्रकार एकाच बाईच्या नावावर बंद झाला असता.

कायदा कुणाच्या बाजूने?

नर्तकींच्या बाजूने तो फार उशिरा आला. १८९२ मध्ये लोई फुलर हिने आपल्या ‘सर्पेंटाइन’ नृत्याची नक्कल करणाऱ्या नर्तकीला न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचले. लांबलचक रेशमी वस्त्राच्या लाटा आणि रंगीत प्रकाश अशी ती रचना होती आणि फुलरने तिचे वर्णन लिहून नोंदवलेही होते. न्यायालय म्हणाले, यात कथा नाही, म्हणून ही ‘नाट्यकृती’ नाही आणि हक्कही नाही. अमेरिकेत नृत्यरचना आणि मूकनाट्य यांना स्वामित्व हक्काच्या कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले ते १९७६ च्या कायद्याने. तो लागू झाला १९७८ मध्ये.

त्यातही अटी आहेत. रचना कशात तरी नोंदलेली हवी, म्हणजे लेखी किंवा चित्रित. एखादी पदन्यासाची लकब, सुटी हालचाल, छोटासा तुकडा यांना संरक्षण नाही. कल्पनेला तर नाहीच. डिटा व्हॉन टीझ आणि मार्टिनीचा अजस्र ग्लास हे समीकरण जगाला ठाऊक आहे, पण ‘ग्लासात उतरून नाचणे’ या नुसत्या कल्पनेवर कायदा कुणाला मक्ता देत नाही. हालचालींचा क्रम, त्यांची गुंफण, विनोदाची जागा हे सगळे जसेच्या तसे उचलले तरच खटला उभा राहतो. आणखी एक अडचण बोलली जात नाही. पुष्कळ सादरीकरणे गाजलेल्या सिनेमांच्या, पुस्तकांच्या पात्रांवर बेतलेली असतात आणि संगीत तर बहुधा दुसऱ्याचेच असते. टर उडवणे हा ज्या कलेचा पाया आहे, तिथे ‘हे सर्वस्वी माझे’ असे शपथेवर सांगणे सोपे नसते.

अलीकडचे दोन निकाल मात्र कलावंतांना धीर देणारे आहेत. ‘पेन अँड टेलर’ या जोडीतील जादूगार टेलर यांनी ‘शॅडोज’ हा आपला प्रयोग १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवला होता. एका बेल्जियन जादूगाराने तसाच प्रयोग यूट्यूबवर टाकून त्याचे गुपित विकायला काढले, तेव्हा नेवाडातील संघराज्यीय न्यायालयाने २०१४ मध्ये टेलर यांच्या बाजूने कौल दिला. जादूच्या क्लृप्तीवर हक्क नाही, पण ती ज्या मूक नाट्यातून मांडली त्यावर आहे, असा तो तर्क. दुसरे प्रकरण नृत्यदिग्दर्शक काइल हानागामी यांचे. ‘फोर्टनाइट’ या व्हिडीओ गेममध्ये आपली रचना वापरल्याचा त्यांचा दावा खालच्या न्यायालयाने फेटाळला होता. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. नृत्य म्हणजे सुट्या मुद्रांची यादी नव्हे, त्यांची निवड आणि मांडणी एकत्र पाहावी लागते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पण टेलर यांच्याकडे वकील होते आणि ३० वर्षांपूर्वीचा नोंदणीचा कागद होता. बारमध्ये नाचणाऱ्या कलावंताकडे बहुधा दोन्ही नसते.

मग शिक्षा कोण देते?

बिरादरी. व्हर्जिनिया विद्यापीठातील दोतान ओलियार आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या कायदेतज्ज्ञांनी २००८ मध्ये एकपात्री विनोदवीरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विनोद चोरणाऱ्याला कुणी कोर्टात नेत नाही. त्याच्यासोबत एका कार्यक्रमात काम करायला इतर नकार देतात, त्याची कुजबुज करतात, क्लबमालकाच्या कानावर घालतात, असे त्यात दिसले. बर्लेस्कमध्येही हेच चालते. शिष्टाचार असा की जुन्या पिढीतल्या हयात कलावंताचा ॲक्ट करायचा तर तिची परवानगी घ्यावी आणि निवेदकाने तिचे नाव घ्यावे. समकालीन सहकाऱ्याच्या ॲक्टला हात लावू नये. दोघींना एकच कल्पना सुचली असेल, तर किमान एका शहरात, एका महोत्सवात ती दोनदा करू नये. न पाळणारीला कामे मिळेनाशी होतात.

ही शिक्षा स्वस्त आणि झटपट असते. तिच्यात दोन मोठी भोके आहेत. पहिले म्हणजे टोपणनाव. घरच्यांपासून, नोकरीतल्या वरिष्ठांपासून ओळख लपवण्यासाठी ते गरजेचे असते. पण पैसे बुडवणारा निर्माताही नवे नाव, नवे शहर, नवे इन्स्टाग्राम खाते घेऊन पुन्हा उभा राहतो. रोलर डर्बी या चाकांच्या स्केट्सवरील खेळात खेळाडूंच्या टोपणनावांची एक सामायिक यादी खेळाडूंनीच सांभाळली आणि एकासारखे दुसरे नाव येऊ नये म्हणून नियमही केले. त्या नोंदवहीसारखी शिस्त बर्लेस्कमध्ये रुजली नाही.

दुसरे भोक अधिक गंभीर. बिरादरीची शिक्षा जिचा शब्द वजनदार तिच्या बाजूने झुकते. नावाजलेल्या कलावंताने नवख्या मुलीची कल्पना उचलली, तर ओरडण्याचा तोटा नवखीलाच होतो. उलट नावाजलेलीने ‘ती कृतघ्न आहे’ एवढे म्हटले तरी दुसरीची कामे आटतात. आणि नाव घेऊन जाहीर पोस्ट टाकणे निर्धोक नाही. इंग्लंडमध्ये २०१३ च्या बदनामी कायद्यानुसार आरोप खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार तो करणाऱ्यावर असतो. ‘हिने माझे १५० पौंड बुडवले’ हे बँकेच्या नोंदींनी आणि संदेशांनी दाखवता येते. ‘ही मुळातच चोर आहे’ हे दाखवता येत नाही. जाणकार वकील म्हणूनच घडलेले लिहा, विशेषणे लिहू नका, असे सांगतात.

बुडालेल्या पैशांचे काय?

इथे चित्र थोडे बदलले आहे. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ‘फ्रीलान्स इझंट फ्री’ हा कायदा आहे आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून तसाच कायदा संपूर्ण न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक कामासाठी लेखी करार बंधनकारक. ठरलेल्या तारखेला, तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर दुप्पट भरपाईची तरतूद. बर्लेस्कची एका रात्रीची बिदागी ८०० डॉलरला क्वचितच पोहोचते, ही खरी अडचण. पण एकाच निर्मात्यासाठी १२० दिवसांत केलेली सगळी कामे मिळून ही रक्कम मोजता येते, ही तरतूद अनेकींच्या कामी येऊ शकते. महिन्याला दोन कार्यक्रम करणारी कलावंत त्यात सहज बसते. तक्रार केली म्हणून काम काढून घेणे, म्हणजे सूड उगवणे, हेही बेकायदा ठरवले आहे. मात्र ‘यापुढे बोलावलेच नाही’ हा सूड होता की निवड, हे सिद्ध करणे अवघडच.

संघटना का नाही?

होत्या. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्लेस्क कलावंतांनी संघटित संपही केला होता. दोन वर्षांत थिएटरेच बंद पडली. १९५५ मध्ये जेनी ली या नर्तकीने लॉस एंजेलिस परिसरात सहकाऱ्यांची ‘एक्झॉटिक डान्सर्स लीग’ स्थापली. तिने जमवलेल्या पोशाखांतून आणि छायाचित्रांतूनच पुढे हॉल ऑफ फेम उभे राहिले. थोडक्यात, संघटनेचे संग्रहालय झाले. आजच्या कलावंत कायद्याच्या भाषेत स्वतंत्र व्यावसायिक. अमेरिकेत अशा व्यावसायिकांनी एकत्र येऊन किमान दर ठरवला तर स्पर्धाविषयक कायद्याचा भंग ठरण्याची भीती असते. शिवाय इथे मालक आणि कामगार ही रेघ स्पष्ट नाही. आज जी निर्माती आहे, तीच उद्या दुसऱ्याच्या कार्यक्रमात नाचणारी. ब्रिटनमध्ये ‘इक्विटी’ ही संघटना व्हरायटी कलावंतांनाही सदस्य करून घेते, करार तपासून देते आणि थकबाकीसाठी पाठपुरावा करते. तिथल्या कलावंतांना निदान एक दार ठोठावता येते.

आपल्याकडे काय?

बर्लेस्क आपल्याकडे नाही, पण हे दुखणे नारायणगावच्या राहुट्यांत बसून सुपाऱ्या घेणाऱ्यांना नवे वाटणार नाही. हंगामाआधी उचल घेऊन कलावंत दुसऱ्या फडात गेली, ही फडमालकांची जुनी तक्रार. उचल फिटतच नाही, हिशेब मालकाच्याच वहीत, ही कलावंतांची. इथेही एक बाजू कृतघ्नपणाची भाषा बोलते आणि दुसरी हिशेबाची.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीत होतो. अट तीच, ती लेखी किंवा अन्य रूपात नोंदलेली हवी. त्यापलीकडे ‘सादरकर्त्याचा हक्क’ वेगळा आहे आणि त्याची व्याख्या उदार आहे. नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा त्यात येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या सादरीकरणासोबत आपले नाव लावले जावे, हा हक्कही त्यांना मिळाला. लावणीच्या कार्यक्रमाचे मोबाइलवर चित्रण करून नाव न देता रील फिरवणाऱ्या खात्यांना ही तरतूद लागू पडते का, यावर वाद घालायला पुरेसा आधार कायद्यात आहे. तो घालायला कुणी कलावंत न्यायालयात जाईल का, हा प्रश्न वेगळा. तारीख पडते सोमवारी आणि सुपारी असते रविवारी रात्री, तीही दोनशे किलोमीटर लांब.